बिनडोक्यांची शिरगणती

गेल्या महिन्यांत चार विद्वानांच्या बैठकींत बोलतां बोलतां अमेरिकेंतील क्लिंच नदीचा विषय निघाला. व्हर्जिनिया राज्यांत उगम पावून टेनेसी राज्यांत उतरणाऱ्या त्या नदींत उन्हाळ्याच्या दिवसांत कांहीं शास्त्रज्ञ तोंडाला श्वासनळी लावून पालथे पडतात आणि तळाच्या गोट्यांमधले शिंपले एकएक करून मोजतात, असें आम्हीं सांगितलें. त्यावर एक वयोवृद्ध व बहुश्रुत गृहस्थ हंसून म्हणाले, "शिंपल्याला डोकें नसतें. तेव्हां त्याची शिरगणती करणाऱ्यालाही तें असण्याचें कारण नाहीं." मंडळी पोट धरून हंसली, खोटें कशाला बोला, आम्हीही हंसलों. विनोद चांगला होता आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें अचूकही होता. शिंपल्याच्या देहांत डोकें म्हणून निराळा अवयव नाहीं ही गोष्ट खरी. परंतु हंसूं ओसरल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, त्या विनोदामागें जें मत दडलें होतें तें त्या गृहस्थांचें एकट्याचें नाहीं. आपल्या सुशिक्षित समाजांतील दहांपैकीं नऊ माणसें हेंच मत बाळगून आहेत, आणि तें मत चुकीचें आहे असें आम्हांस निक्षून सांगावयाचें आहे.

या मताला तीन तोंडें आहेत. कोणी म्हणतो, ज्या देशांत माणसांचे हाल कुत्रा खात नाहीं तेथें शिंपल्यांचें कौतुक कसलें? कोणी म्हणतो, मोजल्यानें कांहीं जगत नाहीं. रोग्याचा ताप घटकेघटकेला पाहिला म्हणून तो उतरत नाहीं. आणि तिसरा, जो स्वतःला व्यवहारी समजतो तो, म्हणतो, मोजायचेंच असेल तर एकदां नीट मोजा, अहवाल छापा आणि मोकळे व्हा. दरसाल तेंच तें काय? पैकीं पहिल्याशीं आम्ही फार वाद घालणार नाहीं. ज्या पाण्यांत शिंपला मरतो तेंच पाणी खालच्या गांवचीं माणसें पितात, एवढें त्यानें ध्यानांत घेतलें तरी पुरे. दुसऱ्याचें म्हणणें अर्धें खरें आहे, व त्याचा विचार पुढें करूं. पण तिसरा मनुष्य आम्हांस सर्वांत घातक वाटतो. कारण पैसा मंजूर करण्याची लेखणी बहुधा त्याच्याच हातांत असते. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठीं आहे.

प्रथम, मोजायचें तें काय हें पाहूं. नदींतला शिंपला दिसायला दगडासारखा, आणि स्वभावानेंही दगडच अशी सामान्य समजूत. एका जागीं रुतून बसावें, पाणी आंत घ्यावें, त्यांतले सूक्ष्म कण खावे आणि निवळलेलें पाणी बाहेर सोडावें, हा त्याचा दिनक्रम. मोठा शिंपला दिवसाकाठीं घागर-दोन घागरी पाणी सहज गाळून देतो. परंतु या जड जीवाची प्रजा वाढण्याची जी रीत आहे ती एखाद्या कादंबरीकारालाही सुचली नसती. मादी आपलीं अर्भकें स्वतःच्या कल्ल्यांत सांभाळते. तीं बाहेर पडलीं कीं त्यांना थोड्याच अवधींत एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटावें लागतें. न चिकटलीं तर मेलीं. चिकटल्यावर कांहीं आठवडे तीं त्या माशाच्या अंगावर राहतात, तेथेंच त्यांचें रूपांतर होतें, आणि मग सुटून तीं तळाच्या वाळूंत पडतात. यांतही वाटेल तो मासा चालत नाहीं. बहुतेक जातींना ठराविक मासाच लागतो. जणू सोयरीक ठरलेली असावी!

अमेरिकेंत 'तपकिरीची डबी' या अर्थाच्या नांवाचा एक शिंपला आहे. त्याचा सोयरा म्हणजे लॉगपर्च नांवाचा लहानसा मासा. हा मासा नाकानें गोटे उलटून त्यांखालचे किडे शोधीत असतो. असा शोध घेतां घेतां तो उघड्या शिंपल्यांत नाक खुपसतो. त्याबरोबर मादी डबी मिटते आणि माशाचें डोकें चिमट्यांत धरल्यासारखें धरून ठेवते. तेवढ्या अवधींत ती आपलीं अर्भकें त्याच्या कल्ल्यांवर सोडते, आणि मग त्याला जाऊं देते. डोकें नसलेल्या जीवाची ही करामत आमच्या बैठकींतल्या गृहस्थांनीं अवश्य मनांत घोळवावी. या बाबतींत शास्त्रज्ञांनींही एके काळीं चांगलाच घोटाळा केला होता. इ. स. १७९७ मध्यें राठके नांवाच्या पंडितानें शिंपल्याच्या कल्ल्यांत हीं अर्भकें पाहिलीं आणि तीं शिंपल्याला लागलेली कीड आहे असें ठरवून त्यांना 'परोपजीवी' म्हणून स्वतंत्र नांव देऊन टाकलें. पोटचीं पोरें म्हणजे बांडगूळ ठरलीं! पुढें चूक उमगली, पण त्यानें दिलेलें नांव त्या अर्भकांना आजही चिकटून आहे.

हें सारें सांगण्याचें कारण असें कीं, एक शिंपला जिवंत राहून वाढण्याला पाणी, रेव, मासा आणि माशाची वाट हीं चारही शाबूत असावीं लागतात. नदीवर बंधारा पडला आणि मासा वर चढेनासा झाला, तर वरच्या अंगाचे शिंपले दुसऱ्या दिवशीं मरत नाहींत. ते तसेच जागच्या जागीं बसून राहतात, खातात, पितात, अर्भकेंही सोडतात. फक्त त्या अर्भकांना कोणी भेटत नाहीं. आणि हे जीव दीर्घायुषी असतात. कित्येक जाती पन्नास-पन्नास वर्षें जगतात. युरोपांतला मोत्याचा शिंपला तर शंभरी ओलांडतो. स्कॉटलंडमध्यें या शिंपल्याला हात लावणें इ. स. १९९८ पासून गुन्हा ठरलें आहे. असें असूनही युरोपांत अशा कित्येक नद्या आहेत कीं ज्यांत म्हातारे शिंपले आहेत, पण दशकानुदशकें एकही नवें पोर वाढीस लागलेलें नाहीं.

कोंकणांत पायीं हिंडलेल्या वाचकांना हें दृश्य अपरिचित नसावें. डोंगराच्या कुशींत गांव असतो, घरांवर कौलें शाबूत असतात, तिन्हीसांजेला ओटीवर दिवा दिसतो, देवळांत घंटा वाजते. दुरून जाणारा म्हणतो, गांव नांदता आहे. आंत जाऊन पाहावें तर घरोघरीं सत्तरीच्या पुढचीं दोन-दोन माणसें. पाळणा हललेला कोणाला आठवत नाहीं, शाळेच्या खोलीला कुलूप. या गांवाची एकदांच खानेसुमारी केली तर काय दिसेल? अमुक घरें, अमुक माणसें. दहा वर्षांपूर्वींच्या आंकड्यांशीं ताडून पाहिल्याखेरीज, आणि माणसांचीं वयें विचारल्याखेरीज, हा गांव नांदता नसून उठण्याच्या बेतांत आहे हें त्या आंकड्यावरून कोणालाही कळणार नाहीं. नदीच्या तळाशीं नेमकें हेंच चाललें आहे. "एकदां मोजा आणि मोकळे व्हा" म्हणणारा मनुष्य दुरूनच ओटीवरचा दिवा पाहतो आणि पुढच्या गांवाला निघून जातो.

आतां मोजण्याच्या रीतीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण आमच्या गृहस्थांची कल्पना अशी दिसली कीं, नदींत उतरावें, हाताला लागतील तितके शिंपले वेंचावे, टोपलींत टाकावे आणि आंकडा लिहावा. ही रीत अगदींच टाकाऊ नाहीं. अमुक इतके तास शोधून काय काय सांपडतें हें पाहण्याची पद्धत तिकडेही आहे, व दुर्मिळ जात आहे कीं नाहीं हें ताडण्यास ती उपयोगीही पडते. पण तिच्यांत एक खोड आहे. डोळ्याला व हाताला मोठे शिंपले आधीं लागतात. नखाएवढें पोर वाळूखालीं चार बोटें गाडलेलें असतें. तें वरून कितीही पाहिलें तरी दिसावयाचें नाहीं. मोत्याच्या शिंपल्याचीं पोरें तर पहिलीं कित्येक वर्षें रेवेच्या बाहेर तोंड काढीत नाहींत. म्हणून खरी गणती करणारे लोक पाव चौरस मीटरची चौकट घेतात, ती नदीच्या पात्रांत आधीं ठरविलेल्या जागीं टाकतात, चौकटींतला वरचा थर हातानें उपसून काढतात आणि ती सारी रेव चाळणींतून गाळतात. अशा शेंकडों चौकटी. प्रत्येक शिंपल्याची जात, लांबी, आणि शक्य तेथें वय लिहून तो पुन्हां होता तसा पात्रांत रोवून ठेवावयाचा. कांहींच्या पाठीवर क्रमांकाची बारीक चकती डकवितात, म्हणजे पुढच्या खेपेला तोच भेटला तर ओळख पटावी.

एवढें करूनही सगळे सांपडतातच असें नाहीं. थंडीच्या दिवसांत पुष्कळसे खालीं दडतात, उन्हाळ्यांत वर येतात. पाणी गढूळ असलें तर दहांतले चार नजरेंतून निसटतात. यंदां शंभर सांपडले आणि पुढच्या वर्षीं साठ, एवढ्यावरून चाळीस मेले असें कोणी म्हणूं लागला तर तो फसला. ऋतु तोच, जागा तीच, चौकट तीच आणि शोधाची मेहनत तितकीच ठेवून बरींच वर्षें पाहिलें म्हणजेच खरा उतार कोणता आणि नुसता पाण्याचा खेळ कोणता हें निवडतां येतें. अलीकडे पाण्याचा नुसता नमुना घेऊन त्यांतल्या डीएनएवरून अमुक जात येथें आहे हें ओळखण्याची युक्ति निघाली आहे, आणि आमच्या व्यवहारी गृहस्थांना ती साहजिकच फार आवडते: तांब्याभर पाणी घेतलें कीं काम झालें! युक्ति उत्तम आहे. कोठें शोधावें हें ती सांगते. पण घरांत आजोबा आहेत कीं नातू, हें ती सांगत नाहीं.

आंकडे हवे, पण कशाचे, याविषयींची चूक अमेरिकेनें एकदां मोठ्या थाटानें केलेली आहे. जर्मनींतून आलेल्या बोपल नांवाच्या बटनें करणाऱ्या कारागिरानें इ. स. १८९१ मध्यें मिसिसिपीच्या कांठीं मस्कटीन गांवीं नदीच्या शिंपल्यांपासून बटनें कापण्याचा कारखाना काढला. पंधरा वर्षांच्या आंत त्या एका गांवांतून वर्षाला दीड अब्जाच्या घरांत बटनें बाहेर पडूं लागलीं. साऱ्या जगाच्या सदऱ्यांना बटनें पुरविणाऱ्या त्या नदींतले शिंपले झपाट्यानें संपूं लागले, तेव्हां सरकारनें फेअरपोर्ट येथें इ. स. १९०८ मध्यें एक संशोधनगृह मंजूर केलें. तेथें मासे पकडून त्यांच्या कल्ल्यांवर शिंपल्यांचीं अर्भकें चढवावीं आणि ते मासे नदींत सोडावे असा उद्योग वर्षानुवर्षें चालला, व अर्भकें इतकीं कोटी सोडलीं असे आंकडे छापले जाऊं लागले. पेरलेलें बीं मोजलें गेलें. उगवलें किती, टिकलें किती, हें मोजण्याचा तसाच नेटका उद्योग मात्र झाला नाहीं, आणि शिंपले उतरतच राहिले. पुढें प्लॅस्टिकचीं बटनें आलीं व तो धंदाच बसला. बोपल स्वतः त्याआधींच, इ. स. १९१२ मध्यें, नदींत शिंपल्यावर पाय पडून झालेल्या जखमेच्या विषानें वारला. पण त्यांत कोणी न्याय पाहूं नये. तो बिचारा शेवटीं शेवटीं शिंपले वांचविण्याच्याच कामीं सरकारला साहाय्य करीत होता.

त्याच काळांत दुसरा एक जर्मन मनुष्य, ऑर्टमन, पिट्सबर्गच्या कार्नेगी वस्तुसंग्रहालयांत होता. त्याच्यापाशीं कारखाना नव्हता, प्रयोगशाळेचा थाट नव्हता. तो नदीनदीला जाऊन कोणत्या जागीं कोणता शिंपला सांपडतो हें टिपून ठेवी. इ. स. १९०९ मध्यें त्यानें पश्चिम पेनसिल्व्हेनियांतील नद्या खाणींच्या व गिरण्यांच्या घाणीनें कशा मेल्या याचा वृत्तांत छापला, आणि इ. स. १९१८ मध्यें वरच्या टेनेसी खोऱ्यांतील शिंपल्यांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. पुढें टेनेसी नदीच्या खळाळांवर धरणें पडलीं. मसल शोल्स नांवाच्या ज्या खडकाळ पट्ट्यांत साठांहून अधिक जातींचे शिंपले नोंदले गेले होते तेथें इ. स. १९२४ मध्यें विल्सन धरण पुरें झालें, आणि त्या पट्ट्याचा बराच भाग संथ पाण्याखालीं गेला. आज तेथें काय बुडालें हें जर कोणाला सांगतां येत असेल, तर तें धरणापूर्वीं ज्या थोड्या माणसांनीं चिखलांत उभें राहून नांवें लिहून ठेवलीं त्यांच्यामुळें. नाहीं तर कांहीं बुडालें असें म्हणावयालाही आधार राहिला नसता.

आतां आमच्या वादाचा मुख्य पुरावा. इ. स. १९७३ मध्यें अमेरिकेनें संकटांत सांपडलेल्या जातींच्या रक्षणाचा कायदा केला. कायदा कडक आहे. ज्या प्राण्याचें नांव त्याच्या यादींत चढलें त्याच्या वाटेला जातांना मोठमोठ्या कंपन्या व खुद्द सरकारी खातीं दहादां विचार करतात. वीस वर्षांनीं, इ. स. १९९३ मध्यें, तेथल्या तज्ज्ञांनीं हिशेब मांडला तेव्हां उत्तर अमेरिकेंतल्या सुमारें तीनशें प्रकारच्या शिंपल्यांपैकीं शेंकडा बहात्तर या ना त्या पायरीच्या संकटांत निघाले. आणि इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांत सरकारनें एकवीस जीवजाती कायमच्या नष्ट झाल्याचें जाहीर करून त्यांचीं नांवें यादींतून काढून टाकलीं. त्या एकवीसांत आठ शिंपले होते.

या आठांचा वृत्तांत मुद्दाम तारखा जुळवून वाचण्यासारखा आहे. तिघांचीं नांवें इ. स. १९७६ मध्यें यादींत चढलीं. त्यांना शेवटचें पाहिलें होतें तें १९६० नंतरच्या दशकांत. एकाचें नांव १९९३ मध्यें चढलें. त्याचें शेवटचें दर्शन १९७३ मधलें, म्हणजे वीस वर्षें आधींचें. त्याच्याबरोबर चढलेला दुसरा १९८५ च्या आगेमागें शेवटचा दिसलेला. टॉम्बिग्बी नदींतल्या दोघांचीं नांवें १९८७ मध्यें चढलीं. त्यांतला एक १९८० मध्यें व दुसरा १९८६ मध्यें शेवटचा दिसला. आणि त्या नदीला खोदून, बांध घालून, जहाजांचा कालवा करण्याचें काम १९८४ मध्येंच पुरें झालें होतें! यादींत नांव चढल्यावर जो कोणाला जिवंत दिसला असा आठांत एकच निघतो, आणि तोही १९८२ नंतर दिसला नाहीं. आठांपैकीं सातांच्या बाबतींत कायद्याचें संरक्षण आलें तें शेवटच्या भेटीनंतर. दशक्रिया आधीं आणि वैद्य मागून, असा हा प्रकार झाला.

कायदा नव्हता म्हणून हें झालें काय? कायदा होता. शास्त्रज्ञ नव्हते काय? होते. नव्हतें तें दरसालचें लक्ष. ज्या काळांत हे शिंपले शंभरांचे दहा व दहांचे दोन होत होते त्या काळांत त्यांच्या जागीं नियमानें कोणी जात नव्हतें. एकदां कोणीतरी गेला होता, 'आढळतो' असें लिहून आला होता, आणि तो शब्द पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिला. 'आढळतो' या एका क्रियापदानें जितके जीव मारले असतील तितके एखाद्या गिरणीच्या सांडपाण्यानेंही मारले नसतील. हें वाक्य लिहितांना आमच्याकडून थोडी अतिशयोक्ति होत आहे हें आम्ही जाणतों. पण ती फार मोठी नाहीं.

आतां ज्यानें तापाचा दृष्टान्त दिला त्या दुसऱ्या आक्षेपकाकडे वळूं. गणतीनें शिंपला जगत नाहीं, हें कबूल. याहूनही अधिक आम्ही कबूल करतों: गणती हें कित्येकदां कांहीं न करण्याचें निमित्त होतें. 'अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे' हें वाक्य लिहून अहवालामागून अहवाल निघतात आणि मध्यंतरीं नदी मरते. असे अहवाल लिहिणारांची बाजू आम्हांस घ्यावयाची नाहीं. परंतु दृष्टान्त दिलाच आहे तर तो पुरता पाहावा. ताप पाहिल्यानें ताप उतरत नाहीं, पण जो वैद्य तो पाहतच नाहीं त्याच्या हातीं आपण आपलें मूल देऊं काय?

क्लिंच नदीचेंच उदाहरण घेऊं. इ. स. १९९८ च्या ऑगस्ट महिन्यांत व्हर्जिनियांत सीडर ब्लफ गांवाजवळ एक टाकीची मोटर उलटली आणि रबराच्या धंद्यांत लागणारें रसायन नदींत गेलें. पाणी दुधासारखें पांढरें झालें, आणि सुमारें सात हजार शिंपले मेले. त्यांत अतिदुर्मिळ जातींचेही शेंकडों होते. मासे मेले तर ते तरंगतात, कुजतात, लोक ओरड करतात. शिंपला मेला तर तो असतो तेथेंच पडून राहतो. त्या ठिकाणीं पूर्वीं काय होतें याची नोंद नसती तर 'येथें कांहीं फारसें नव्हतेंच' असें म्हणावयास कोणीही मोकळा होता. नोंद होती, म्हणून नुकसान मोजतां आलें, दावा उभा राहिला, सुमारें अडतीस लक्ष डॉलरांची भरपाई ठरली, आणि ती त्या खोऱ्यांतल्या शिंपल्यांची पुन्हां लागवड करण्याच्या कामीं लागली. पुढें इ. स. २०१६ पासून त्याच नदींत एका जातीचे शिंपले दर शरदांत मोठ्या संख्येनें मरूं लागले. या खेपेला मोटर उलटली नव्हती, कीं कोठें पाणी रंगलें नव्हतें. शेजारच्या इतर जाती बऱ्यापैकीं धड होत्या. रोग म्हणून त्याकडे पाहण्याची बुद्धि झाली ती वर्षानुवर्षें त्याच जागीं जाणाऱ्या माणसांना. मरणाऱ्या शिंपल्यांत एक विशिष्ट विषाणू विशेष आढळतो असें इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालें. औषध सांपडलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण दुखणें कोणतें हें शोधण्याची सुरवात तरी झाली.

कोणी म्हणेल, अमेरिका श्रीमंत आहे, आमचें काय? आमच्याकडे गणतीचें वावडें मुळींच नाहीं. वाघ आम्ही मोजतों. इ. स. २००६ पासून दर चार वर्षांनीं साऱ्या देशांत वाघांची गणती होते, रानारानांत छायाचित्रक लावले जातात, आणि इ. स. २०२२ च्या गणतीचा ३,६८२ हा सरासरी आंकडा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. तो वाचून आम्हांसही आनंदच झाला. तेव्हां अडचण पैशाची नाहीं कीं विद्येची नाहीं. वाघाला मिशा आहेत आणि शिंपल्याला नाहींत, एवढीच खरी अडचण आहे.

आमच्या नद्यांतल्या शिंपल्यांच्या याद्या चांगल्या आहेत. प्रेस्टननें इ. स. १९१५ मध्यें हिंदुस्थानच्या गोड्या पाण्यांतील मृदुकाय प्राण्यांचा ग्रंथ लिहिला. सुब्बा राव यांचा हस्तग्रंथ इ. स. १९८९ मध्यें भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेनें काढला. या दोन ग्रंथांच्या आधारावर कोणत्याही विद्यार्थ्याला नदीवर जाऊन शिंपला ओळखतां येईल. सह्याद्रीच्या कर्नाटकांतील नद्यांत तर असा एक शिंपला आहे कीं जो वाळूंत न रुततां कालवाप्रमाणें खडकालाच चिकटून राहतो. जगांत तो दुसरीकडे कोठें नाहीं. इ. स. १८९८ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि आज त्याची गणना संकटग्रस्तांत होते. जो खडकाला चिकटला त्याला पाणी आटल्यावर खालीं दडतां येत नाहीं, हें सांगावयास नकोच. पण यादी म्हणजे गणती नव्हे. कृष्णेच्या, भीमेच्या, पंचगंगेच्या अमुक एका घाटाखालीं शिंपले किती, त्यांत पोरें किती, आणि दहा वर्षांपूर्वीं किती होतीं, असें विचारलें तर उत्तर देणारी वही कोणापाशीं आहे? एखादा होतकरू तरुण पदवीसाठीं दोन वर्षें नदीवर जातो, उत्तम टिपणें करतो, प्रबंध सादर होतो, त्याला नोकरी लागते आणि वही बंद होते. तिकडे वाळूचा उपसा चालूच असतो. शिंपल्याचें घर म्हणजेच वाळू. ती गाड्या भरभरून गेल्यावर आंत काय गेलें हें विचारण्याचा हक्क आम्हीं आपल्या हातानें घालविलेला असतो, कारण आंत काय होतें हेंच आम्हांस ठाऊक नसतें.

आमची मागणी मोठी नाहीं. नदीकांठीं वसलेल्या आमच्या अनेक गांवांत महाविद्यालयें आहेत, त्यांत प्राणिशास्त्राचे वर्ग आहेत, आणि त्या वर्गांतलीं मुलें दरसाल कोठेंतरी सहलीला जातातच. प्रत्येकानें आपल्या गांवाजवळची एक जागा धरावी, पाव मीटरची चौकट आणि एक चाळण घ्यावी, उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं ठराविक आठवड्यांत जावें, मोजावें, लांबी लिहावी, शिंपले जागच्या जागीं ठेवावे. प्राध्यापक बदलले तरी वही बदलूं नये. पहिल्या पांच वर्षांत कांहींही निष्कर्ष काढूं नये. काढला तर छापूं नये. याला जो खर्च येईल तो एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून कमीच असेल. सरकारी खात्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, दोन वर्षांच्या मोठ्या अनुदानापेक्षां वीस वर्षांचें लहान अनुदान द्या. हा अर्ज मंजूर होणें कठीण आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. वीस वर्षांनीं कोनशिला बसवितां येत नाहीं आणि उद्घाटनही करतां येत नाहीं.

राहतां राहिले ते आमचे बैठकींतले गृहस्थ. त्यांचें घर कृष्णाकांठचें. लहानपणीं घाटाच्या पायऱ्यांखालीं बुडी मारून मूठभर शिंपले वर आणण्याची पैज आपण लावीत असूं, हें त्यांनींच त्या दिवशीं, हंसूं थांबल्यावर, आम्हांस सांगितलें. आतां तेथें शिंपले आहेत काय, असें आम्हीं विचारलें. ते जरा थांबले. "असतील," म्हणाले, "पाहिलें नाहीं पुष्कळ वर्षांत." येत्या वैशाखांत त्यांच्याबरोबर त्याच घाटावर जाण्याचें ठरलें आहे. चाळण आम्ही नेणार आहों. पायऱ्या कोणत्या, तें ते दाखविणार आहेत.